पुरवणीतल्या सात ओळी

“संपवा,” अंबादास म्हणाला आणि त्यानं कपाळ बाकावर टेकवलं.

साडेपाचला अठरा मिनिटं कमी होती. अंध विद्यार्थ्यांना मिळणारा जादा अर्धा तास धरून साडेपाच. एप्रिल संपत आला होता. खोलीत आम्ही तिघंच होतो. अंबादास, त्याची लेखनिक म्हणून मी, आणि पर्यवेक्षक म्हणून नेमलेले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक. ते खिडकीपाशी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत बसले होते. डोक्यावरचा पंखा प्रत्येक फेऱ्याला कुरकुरत होता.

“अजून वेळ आहे,” मी हळूच म्हणाले. “दफ्तराच्या मर्यादा तू दोनच सांगितल्यास.”

“दोनच आठवतायत.”

“पाणी देऊ?”

“नको. डोकं फुटतंय ताई. लिहा, ‘म्हणून या साधनांचा वापर सावधपणे करावा लागतो.’ पूर्णविराम. संपलं.”

मी लिहिलं. पूर्णविराम दिला. सकाळपासून त्याला ताप होता. विद्यापीठाच्या बसमधून येताना खिडकीच्या गजाला डोकं टेकवूनच तो बसला होता. दुपारी मी दिलेली गोळी त्यानं पाण्याशिवाय गिळली होती. एम.ए. इतिहासाचा हा आठवा, शेवटचा पेपर. आधीचे सात फार चांगले गेले होते.

पुरवणीवर अर्धं पान कोरं होतं. मी त्या कोऱ्या जागेकडे बघत बसले. मग पेन उचललं आणि लिहायला लागले.

अंबादासनं डोकं वर केलं नाही. पण थोड्या वेळानं म्हणाला, “काय लिहिताय?”

“पुरवण्यांवर नंबर घालतेय.”

“बरं,” तो म्हणाला.

सात ओळी झाल्या. मी पुरवण्या दोऱ्यानं बांधल्या, त्याचा हात धरून सहीच्या जागी नेला. सही तेवढी तो स्वतः करायचा. सराव करून शिकला होता. बाहेर पडताना पर्यवेक्षकांनी मला विचारलं, “दख्खनचे शेवटचे बाजीराव कितवे हो? तीन अक्षरी पाहिजे.” मी सांगितलं, “दुसरे.” त्यांनी कोड्यात भरलं आणि खूश झाले.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालातली. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. कुसुम दुधगावकर, कनिष्ठ लिपिक, विद्यापीठ ग्रंथालय. बी.ए.च्या पहिल्या वर्षानंतर वडील गेले, आणि त्यांच्या जागेवर मला चिकटवून घेतलं, म्हणून शिक्षण तिथंच थांबलं. घरी मी आणि आई. आईचे गुडघे धरलेले. तिला भिंतीला धरून मोरीपर्यंत जाता यायचं, त्यापुढं नाही.

लेखनिक कोण असावं याचा नियम होता. परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला पाहिजे आणि त्या विषयातलं त्याला काही कळता कामा नये. अंबादास खरबडे पहिल्या वर्षाला आला तेव्हा विभागानं ग्रंथालयाकडे विचारणा केली, आणि ग्रंथपालांनी यादी बघून माझं नाव दिलं. “तुम्ही नियमात अगदी बसता,” ते म्हणाले.

परीक्षेत लिहायचं तर माझा आवाज आणि त्याचं बोलणं एकमेकांच्या सवयीचं व्हायला हवं, म्हणून मी त्याला पुस्तकं वाचून दाखवायला लागले. रोज चार ते सहा. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायची एक मागची खोली होती, तिथं. मी वाचायचे आणि तो ब्रेलच्या पाटीवर टोचून टिपणं काढायचा. ग्रंथालयानं रद्द केलेली तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं, मी त्याला द्यायचे. जाड असायची ती, ठिपके चांगले उठायचे.

“स्वल्पविराम खाल्लात ताई,” तो मधेच म्हणायचा.

“तुला कसं कळलं?”

“कंटाळलात की तुम्ही शब्द जोडून वाचता.”

पिंपळढव नावाच्या खेड्यातून आला होता तो. पाच वर्षांचा असताना गोवरात डोळे गेले. बोलायला हसरा होता, पण अभ्यासाला बसला की दगड. दोन वर्षांत मी त्याला साठ-सत्तर पुस्तकं वाचून दाखवली असतील. त्यातली काही दोनदा. माझ्याशी दिवसभरात सर्वांत जास्त बोलणारं माणूस तोच होता. म्हणजे खरं तर मी बोलायचे ते पुस्तकातलं, आणि तो बोलायचा तेही पुस्तकातलं. तरी सहा वाजता बस धरताना मला वाटायचं की आज आपण कुणाशी तरी पुष्कळ बोललो. घरी गेल्यावर आई विचारायची, “दूध आणलं का?” मी आणलेलं असायचं.

जूनमध्ये निकाल लागला. अंबादास विद्यापीठात पहिला आला. दुसरी आली रुख्साना पठाण, तीन गुणांनी मागं. मी निकालाच्या फलकावरचे आकडे दोनदा वाचले.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाचा वर्धापनदिन होता आणि त्या दिवशी गुणगौरव समारंभ. वर्षभरात ज्यांनी विद्यापीठाचं नाव केलं, त्यांचा एकाच व्यासपीठावर सत्कार व्हायचा. विद्यार्थी, कर्मचारी, माजी विद्यार्थी सगळेच. त्या वर्षी पंचवीस वर्षं एकही अपघात न करता विद्यापीठाची बस चालवणारे ड्रायव्हर गंगाधरराव होते. देशपातळीवर धावलेली एक मुलगी होती. सचिव होऊन निवृत्त झालेले एक माजी विद्यार्थी होते. आणि इतिहासाचं सुवर्णपदक मिळवलेला अंबादास. व्यासपीठाच्या मागं झेंडूच्या माळा सोडल्या होत्या आणि त्यातली एक सतत सुटून कुलगुरूंच्या खांद्यावर येत होती.

मला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. शेजारी अंबादासचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणायचे. घडी न मोडलेलं धोतर, हातात टोपी. ती ते घालत नव्हते, नुसती फिरवत होते. मला बघितल्याबरोबर ते उठले आणि वाकायला लागले. मी घाईनं त्यांचे हात धरले.

“आबा, हे काय करता!”

“माय, लेकराचे डोळे तुमी,” ते म्हणाले. “आमी काय केलं? निस्ता जन्म दिला.”

सत्कार झाले. अंबादासच्या गळ्यात पदक घातलं तेव्हा आबांनी टोपी तोंडावर धरली. टाळ्या थांबल्या, आणि इतिहास विभागाचे प्रमुख नेरलेकर सर बोलायला उभे राहिले. सर कमी बोलायचे, पण त्या दिवशी त्यांच्या हातात एक कागद होता.

“एरवी उत्तरपत्रिकेतलं काही बाहेर सांगत नाहीत,” ते म्हणाले. “पण परीक्षकांची आणि कुलगुरूंची परवानगी घेऊन मी एक परिच्छेद उतरवून आणला आहे. पेशवे दफ्तराचं ऐतिहासिक साधन म्हणून मूल्य आणि मर्यादा, असा प्रश्न होता. गेली वीस वर्षं मुलं याचं ठरावीक उत्तर लिहितात. या मुलानं शेवटी काय लिहिलं ते ऐका.”

मी मांडीवरची पर्स घट्ट धरली.

सर वाचू लागले. “‘आज्ञा देणाऱ्याचे नाव कागदावर राहते, लिहिणाऱ्याचे फक्त अक्षर राहते. दफ्तरातील हजारो कागद ज्यांच्या हातचे आहेत, त्या कारकुनांना आपण वळणावरून ओळखू शकतो, नावावरून नाही. ते काय ऐकत होते हे आपल्याला कळते, त्यांना काय वाटत होते हे कळत नाही. दफ्तराची सर्वांत मोठी मर्यादा ही, की ते ज्यांनी लिहिले त्यांच्याविषयीच ते मुके आहे.’”

माळ पुन्हा कुलगुरूंच्या खांद्यावर आली आणि त्यांनी ती काढली नाही.

“ज्याला स्वतःच्या हातानं लिहिता येत नाही,” सर म्हणाले, “ज्याचा प्रत्येक शब्द दुसरं कुणीतरी कागदावर उतरवतं, त्यालाच हे सुचू शकतं. हा विचार आहे, आणि ही कृतज्ञताही आहे. त्याच्या लेखनिक दुधगावकरबाई इथं बसल्या आहेत. त्यांनी उभं राहावं.”

मला उभं राहावं लागलं. चारशे माणसं माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होती. आबाही उभे राहिले. मी व्यासपीठाकडे पाहिलं.

अंबादास टाळ्या वाजवत नव्हता. त्यानं मान थोडी तिरकी केली होती. वाचताना माझा एखादा शब्द चुकला की तो अशीच मान तिरकी करायचा आणि मी मागचं वाक्य पुन्हा वाचायचे.

मग त्याला बोलायला उठवलं. गंगाधररावांनी त्याला माईकपाशी आणून उभं केलं. त्यानं कुलगुरूंचे, सरांचे, आबांचे आभार मानले. वसतिगृहाच्या खानावळीतल्या बाईंचे मानले.

“सरांनी वाचलेलं वाक्य फार चांगलं आहे,” तो म्हणाला. “मला तर ते पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं.”

सगळे हसले. पुन्हा टाळ्या झाल्या. बाजूच्या बाई मला म्हणाल्या, “किती विनयी आहे हो पोरगा!”

समारंभानंतर बाहेरच्या व्हरांड्यात शिरा आणि चहा होता. लोक अंबादासभोवती जमले होते. पदक आबांच्या हातात होतं आणि जो येईल त्याला ते दाखवत होते, पण हातात देत नव्हते. मी खांबाआड उभी होते. निघून जावं असं वाटत होतं. तेवढ्यात त्याचा आवाज आला.

“कुसुमताई आहेत का इथं?”

कुणीतरी त्याला माझ्यापाशी आणलं.

“जरा मागच्या खोलीत येता?” तो म्हणाला. “आबा, तुम्ही शिरा खा. आलोच मी.”

ग्रंथालयाला सुट्टी होती, किल्ली माझ्याकडे होती. खोलीत कोंदट वास होता. तो नेहमीच्या खुर्चीवर बसला. मी उभीच राहिले.

“किती ओळी?” त्यानं विचारलं.

“सात.”

“त्या पेपरात आणखी कुठं?”

“नाही.”

“बाकीच्या सात पेपरांत?”

“नाही रे. शपथ.”

“शपथ नका घेऊ ताई. मला तपासता येणार नाही.” तो चिडून बोलत नव्हता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. “आता मला प्रत्येक पेपर आठवावा लागेल. आणि आठवूनही उपयोग नाही. कागदावर काय आहे ते मला तुम्हीच सांगणार.”

“तू थकला होतास,” मी म्हणाले. “अंगात ताप होता. अठरा मिनिटं उरली होती. दोन वर्षं तुझी मेहनत मी बघितलीय. तुझं नुकसान मला बघवेना.”

“म्हणजे माझ्यासाठी केलंत?”

“हो.”

बाहेरून भांड्यांचा आवाज येत होता. मग त्यानं अगदी साध्या, रोजच्या आवाजात विचारलं, “चांगलं आहे ते. कधी सुचलं तुम्हाला?”

आणि मी सांगायला लागले.

“अरे, ते मोडीच्या कागदांचं पुस्तक नव्हतं का? शेवटी फोटो होते बघ. मी तुला वर्णन करून सांगत होते. एका पत्राचं अक्षर इतकं सुरेख होतं, एकसारखं, कुठं खोडलेलं नाही, काना कसा तलवारीसारखा. मी तुला म्हटलं, अक्षर फार सुंदर आहे. तू विचारलंस, कुणाचं? मी म्हटलं, नाव नाही दिलेलं. तू म्हणालास, मग पुढं चला. मी पुढं वाचलं, पण ते माझ्या डोक्यातून जाईना. घरी जाताना बसमध्ये तेच. मग एकेक शब्द बसवत गेले. आधी ‘हुकूम’ होता, नंतर ‘आज्ञा’ केलं. ‘मुके’ हा शब्द तर फार उशिरा मिळाला, मार्चमध्ये, भांडी घासताना…”

मी थांबले. माझा आवाज मला ऐकू आला होता.

त्यालाही आला होता. “तुम्हाला आनंद झालाय,” तो म्हणाला.

मी खाली बसले.

पाच महिने ते वाक्य माझ्या डोक्यात घडत होतं. ते ऐकवायला माझ्यापाशी कुणी नव्हतं. आईला ऐकवून काय करणार? अंबादासला सांगावं असं रोज वाटायचं, पण चार ते सहा हा वेळ त्याच्या अभ्यासाचा होता, माझ्या वाक्यांचा नव्हता. आणि प्रश्नपत्रिकेत नेमका तो प्रश्न आला. पेपरभर मी वाट बघत होते, की हा कुठं थांबतो. त्याला ताप होता हे खरं. पण तो ठणठणीत असता आणि पुरवणीवर जागा उरली असती, तरी मी लिहिलंच असतं. ते छापून यायचं नव्हतं, त्यावर माझं नाव पडायचं नव्हतं. कुणीतरी शिकलेल्या माणसानं ते एकदा वाचावं आणि बाजूला लाल पेनानं बरोबरची खूण करावी, एवढंच मला पाहिजे होतं. हे सगळं त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं, आणि मी ते त्याला सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

“मी उद्या परीक्षा नियंत्रकांकडे जाते,” मी म्हणाले. “सगळं लिहून देते.”

“त्यानं काय होईल?”

“जे व्हायचं ते माझं होईल. नोकरी जाईल.”

“तुमची नोकरी जाईल, आणि माझे आठही पेपर जातील. सगळ्यांवर तुमचंच अक्षर आहे.” त्यानं खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवली. “नाही ताई. तुम्ही बोललात तर मी दोन वर्षं मागं जातो. मी बोललो तर तुमची आई उपाशी मरते. कुणीच काही बोलायचं नाही. चांगलं अडकवलंत.”

“अंबादास…”

“लोक विचारायचे, दुसऱ्याच्या हातानं पेपर लिहितोस, खरं तुझंच असतं का ते सगळं? मी छातीठोकपणे सांगायचो, स्वल्पविरामसुद्धा माझा असतो.” तो उठला. “तुमचं वाक्य होतं, तर तुमच्या पेपरात लिहायचं होतं.”

“माझा कुठला पेपर?”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला.

दाराची चौकट चाचपत तो बाहेर गेला. मी हात पुढं केला होता. त्यानं तो शोधला नाही.

पंधरा दिवसांनी परीक्षा विभागात रजिस्टर पार्सल आलं. तिथल्या पारवेकरबाईंनी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. खरबड्यानं पदक परत पाठवलं होतं. सोबत दोन ओळींचा अर्ज, कुणाकडून तरी लिहून घेतलेला. ‘माझे मूल्यमापन माझ्या योग्यतेपेक्षा अधिक झाले आहे असे मला वाटते. कृपया पदक परत घ्यावे.’ नियमात असं काही बसत नव्हतं. दुसऱ्या नंबरला ते देता येईना, अंबादासला परत घे म्हणून दोन पत्रं गेली, त्यानं घेतलं नाही. शेवटी पदक कपाटात ठेवून दिलं. स्थानिक वर्तमानपत्रात चौकट आली, ‘आजच्या काळातला असा विद्यार्थी’. पारवेकरबाईंनी ती कापून नोटीस बोर्डावर लावली.

आबांना त्यानं काय सांगितलं तेही मला नंतर कळलं. पदकावर नाव कोरायचं राहिलंय, म्हणून विद्यापीठानं मागवलंय, असं. आबा एकदा काही कामानं आले होते, तेव्हा ग्रंथालयात डोकावले.

“माय, ते नाव कोरायचं झालं का हो?” त्यांनी विचारलं. “न्हाई, घाई न्हाई. सावकास होऊ द्या. पर गावात लोक इचारतेत.”

“चौकशी करते आबा,” मी म्हणाले.

त्याच सुमारास रुख्साना पुस्तकं परत करायला आली. तिची बी.एड.ला निवड झाली होती. कार्डं जमा करून झाली तरी ती जाईना.

“ताई, एक काम होतं. त्या दिवशी सरांनी वाचलं ना, अंबादासच्या पेपरातलं. मला ते फार आवडलं. पूर्ण आठवत नाही. तुम्हीच लिहिलं होतं, तर तुमच्या लक्षात असेल. उतरवून द्याल?”

मी कागद घेतला. सात ओळी लिहिल्या आणि तिला दिल्या. तिनं त्या तिथंच उभ्या उभ्या वाचल्या.

“अक्षर छान आहे तुमचं,” ती म्हणाली, आणि घडी करून वहीत ठेवून गेली.

अंबादासनं पुढं दुसऱ्या विद्यापीठातून पीएच.डी. केली. तिथं त्याला दुसरे वाचक मिळाले असणार, दुसरे लेखनिक. एका कॉलेजात तो प्राध्यापक झाला, हे मला नेरलेकर सरांकडून कळलं. माझ्याकडे त्याचा पत्ताही आला. पत्र लिहावं असं कितीदा मनात आलं. पण मी पत्र लिहिलं तर ते त्याला कुणीतरी वाचून दाखवणार होतं. जे मला लिहायचं होतं ते तिसऱ्याच्या आवाजात त्याच्यापर्यंत जावं, हे मला नको होतं. नुसतं खुशालीचं पत्र लिहायला माझा हात उचलेना. माजी विद्यार्थी मेळाव्याची निमंत्रणं ग्रंथालयातून जायची, त्यामुळे त्याच्या नावाचं पाकीट मीच तीन वेळा तयार केलं. तिन्ही वेळा येता येणार नाही म्हणून कार्ड आलं. कार्डावर प्रत्येक वेळी वेगळं अक्षर होतं.

चार ते सहा ती खोली मी बंद ठेवायला लागले. पुढं दुसरे अंध विद्यार्थी आले. ग्रंथपालांनी विचारलं, मी आईचं कारण सांगितलं. आई मला एकदा म्हणाली, “हल्ली तू घरी बोलतच नाहीस.” मी आधी तरी कुठं बोलत होते? पण तिला फरक जाणवला होता.

त्र्याण्णवच्या जूनमध्ये मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा बहिःस्थ अर्ज भरला. विषय इतिहास. फॉर्मवर परीक्षार्थीचं पूर्ण नाव लिहायचं होतं. मी नाव लिहिलं, आणि नीट आलं नाही म्हणून दुसरा फॉर्म आणून पुन्हा लिहिलं.

अभ्यास सकाळी करायचे, आईची आंघोळ उरकली की. मोठ्यानं वाचल्याशिवाय मला काही लक्षात राहत नाही हे तेव्हा कळलं. मग मोठ्यानं वाचायला लागले. आई पलंगावरून ऐकायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी थांबले की विचारायची, “मग पुढं?” त्या दोन वर्षांत आम्ही दोघी जेवढा वेळ एका खोलीत जाग्या बसलो तेवढा आधी कधी बसलो नव्हतो. अंतिम वर्षाची परीक्षा झाली आणि निकालाच्या आधी आई गेली.

पेपर कसे गेले? ठीक गेले. परीक्षेत मला एकही वाक्य असं सुचलं नाही, की जे कुणी उतरवून घ्यावं. तीन तास लिहायचं म्हणजे बोटं दुखतात, शेवटच्या प्रश्नाला माणूस घाई करतो, येत असलेलं आठवत नाही. एका पेपरात पंधरा मिनिटं असताना माझं संपलं. पुरवणीवर निम्मं पान उरलं होतं. मी त्याच्याकडे बघत बसले, आणि घंटा होईपर्यंत बसून राहिले. दुसरा वर्ग मिळाला. पन्नास टक्के आणि वर थोडे.

पदवीदान समारंभ त्याच सभागृहात झाला. मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून तिथं होते. खुर्च्या मांडून घेण्यात, याद्या करण्यात, पाहुण्यांना गुलाब देण्यात. त्या दिवशी भाड्याचा झगा घालून एकवीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींत बसले. झग्याला आधीच्या कुणाच्या तरी अत्तराचा वास होता. पुढच्या रांगेतली मुलगी मागं वळून म्हणाली, “मॅडम, तुम्ही कुठला विषय शिकवता?” मी म्हटलं, “मी शिकायलाच आहे.” नाव पुकारलं ते ‘कुसुम दुधगावे’ असं. मी गेले, प्रमाणपत्र घेतलं. टाळ्या चालूच होत्या, आधीच्याच कुणासाठी तरी.

बाहेर हिरवळीवर फोटोवाल्यानं पडदा लावला होता. निळा, वर विद्यापीठाचं बोधचिन्ह. मुलं आईबापांना, मामा-मावशांना घेऊन रांगेत उभी होती. आईबाप झगा ठीकठाक करत होते, टोपीचा गोंडा पुढं की मागं यावर भांडत होते. मला वाटलं निघून जावं. पण पावती फाडून झाली होती. माझा नंबर आला.

“घरचे कुठं आहेत?” फोटोवाल्यानं विचारलं. “बोलवा ना, एकात एक होऊन जाईल.”

“कुणी नाही. एकटीचाच काढा.”

त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला. मग डोळा काढून माझ्याकडे पाहिलं.

“ताई, अशा कडेला का उभ्या राहिलात?” तो म्हणाला. “शेजारी कुणी यायचंय का अजून?”

मी शेजारी पाहिलं. खरोखरच एका माणसापुरती जागा सुटली होती.

“नाही,” मी म्हणाले.

“मग मधे या,” तो म्हणाला.

मी मधे सरकले.